आतून आलेलं उत्तर

आधीच सांगते, माझ्या बोलण्याचा राग मानू नका. बिस्किटांच्या कारखान्यात अर्धं आयुष्य गेलेल्या बाईला हळू बोलणं जमत नाही. आमच्या हॉलमध्ये हळू बोललेलं शेजारणीपर्यंतसुद्धा पोचत नाही. एका बाजूला पॅकिंगचे पट्टे खडखडतात, दुसऱ्या बाजूला भट्ट्यांचे ब्लोअर घोंघावतात, आणि मधोमध असते आमची म्हैस.

म्हैस म्हणजे पीठ मळायचा मिक्सर. हे नाव कोणी ठेवलं देवाला ठाऊक, पण शोभतं तिला. पोतीच्या पोती पीठ गिळते आणि वर फुरफुरते. तिच्या पोटात माझ्या मांडीएवढे जाड लोखंडी हात फिरतात. पीठ उडतं म्हणून तिच्यापुढे अर्धी भिंत घातली आहे, आणि भिंतीच्या अलीकडे पॅनल. त्या पॅनलवर मी. हिरवं बटण मी दाबलं की म्हैस हलणार, लाल दाबलं की थांबणार. पॅकिंगमध्ये पाठ मोडून घेतल्यावर, किती जणींच्या नाकावर टिच्चून ती जागा मिळवली होती मी! तिथे बसायला स्टूल होतं. कारखान्यात स्टूल म्हणजे काय, हे उभं राहून काम करणाऱ्या बाईलाच विचारा.

भिंतीच्या पलीकडे माझी धाकटी जाऊ. प्रत्येक घाणा निघाला की म्हशीच्या पोटाला चिकटलेलं पीठ उलथण्यानं खरवडून काढायचं, हे तिचं काम. अंगानं बारीक आहे ती. आधी कमरेपर्यंत आत वाकते, आणि पार मागचं काढायचं असलं की सरळ आत शिरते. आत शिरली की तिला बाहेरचं काही ऐकू येत नाही, आणि मला पॅनलवरून म्हशीचं तोंड दिसत नाही.

म्हणून आमच्यात हाक होती. आमच्या आधीच्या बायकांपासून चालत आलेली. पॅनलवालीनं ओरडायचं, "बाहेर का?" खरवडणारीनं ओरडायचं, "बाहेर!" उत्तर आलं की हिरवं बटण. नाही आलं तर हात मांडीवर ठेवून गप बसायचं. इतकं साधं. त्यात चुकण्यासारखं काय आहे, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

मग मास्क आले. कोणा मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येऊन गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून हॉलमधल्या सगळ्यांच्या तोंडावर फडकी. तेव्हापासून बायकांना काय झालं कोण जाणे, सगळ्या तोंडातल्या तोंडात बोलायला लागल्या. पूर्वी पट्ट्याच्या त्या टोकाची बाई बोलली तरी मला कळायचं. आता समोर उभी राहून बोलते आणि मला नुसता आवाज येतो. शब्द येत नाहीत, म्हणजे कसं, तर शेजारच्या खोलीत कोणी बोलतंय तसं. मी त्यांना झापायची. "अगं, जेवली नाहीस का? जरा तोंड उघडून बोल की!" त्या मास्क खाली करून तेच पुन्हा म्हणायच्या, आणि लगेच कळायचं. म्हटलं बघा, मास्कचाच दोष.

त्याच सुमाराला म्हशीनंही नखरे सुरू केले. अधूनमधून हिरवं बटण दाबलं तरी हलायचीच नाही. मी पॅनलवर दोन धपाटे घालायचे, तिला दोन शिव्या हासडायच्या, जरा थांबून पुन्हा दाबायचं. मग सुरू. पॅनलवरचा वीज दाखवणारा दिवा तर कधीच जळून गेलेला, त्यामुळे दोष कुठे आहे ते दिसायचंही नाही. वायरमनला बोलावलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, यंत्राला काही झालेलं नाही."

"मग काय मला झालंय?" मी म्हटलं.

तो हसला आणि पेचकस खिशात घालून गेला.

घरी मात्र सगळं ठीक होतं बरं का. आमचे हे माझ्यावरून पैज लावायला तयार. "हिला? हिला बहिरी म्हणाल? मी आतल्या खोलीत बिस्किटाचा डबा उघडला तरी हिला ओट्यापाशी ऐकू येतं." आणि ते खरंच आहे. डॉक्टरांनी यांना साखर बंद केली आहे. तो डबा मला झोपेतही ऐकू येईल.

मग एकदा धाकट्या दिरांनी सगळ्यांना हॉटेलात जेवायला नेलं. आमच्या पुतणीला नोकरी लागली होती. मोठं हॉटेल, वर गाणी लावलेली, ताटल्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावर पोरांचा धुडगूस. मला अशा ठिकाणी हल्ली डोकं दुखायला लागतं. म्हणून मी एक युक्ती काढली होती, आपणच बोलत सुटायचं. आपण बोलत असलो की ऐकावं लागत नाही. पण घास तोंडात असताना तरी गप बसावंच लागतं. दीर काहीतरी सांगत होते, हातवारे करून, ओठांचा चंबू करून. मला वाटलं साहेबाची नक्कल करताहेत. मी खो खो हसले.

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. यांनी खालून माझ्या पायाला ढोसलं. दीर आपल्या मित्राला अर्धांगवायू झाला ते सांगत होते. त्याचं तोंड कसं वाकडं झालं ते करून दाखवत होते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घरी परत येताना जाऊ माझ्याबरोबर मागे राहिली. म्हणाली, "ताई, एक बोलू? रागावू नका. एकदा कान दाखवून या."

"माझे कान? माझ्या कानांना काय धाड भरलीये?"

"घरात काही नाही. पण आवाजात तुम्हाला बोलणं कळत नाही. तुम्ही माणसाच्या ओठांकडे बघता. मला आधी वाटायचं सवय आहे. मास्क आल्यापासून ओठ दिसत नाहीत, तर तुम्ही अंदाज बांधता. पॅकिंगमधल्या बायका काही विचारतात आणि तुम्ही भलतंच उत्तर देता. त्या मागे हसतात तुम्हाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिला मी नोकरीला लावली, हिच्या बाळंतपणात मी उशाशी बसले, आणि ही मला बहिरी ठरवते? वर लोक हसतात म्हणून सांगते? मी म्हटलं, "माझ्या पॅनलवर डोळा आहे होय तुझा? तसं सांग की सरळ!" मी तिच्याशी अबोला धरला. एका घरात राहून, एका गाडीनं कामावर जाऊन अबोला धरायचा म्हणजे कमाल लागते, पण मला जमतं ते. कामावर तेवढी हाक द्यायची. "बाहेर का?" आणि उत्तर आलं की बटण.

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून घाई होती. ट्रक दारात येऊन उभा, सुपरवायझर घड्याळ दाखवत फिरत होता. कोकोचा घाणा निघाला, जाऊ खरवडायला गेली. मी जरा थांबले आणि हाक दिली. "बाहेर का?"

उत्तर आलं. अगदी स्पष्ट. बाईचाच आवाज, तोच हेल. मी हिरवं बटण दाबलं.

म्हैस ढिम्म हलली नाही.

झालं, हिचे नखरे पुन्हा सुरू! मी पॅनलवर धपाटा घातला. पुन्हा दाबलं. अंगठा दाबून धरला. काही नाही. वायरमनच्या नावानं बोटं मोडली आणि स्टुलावरून उतरले. म्हटलं अबोला गेला खड्ड्यात, हिला विचारावं तिकडून काही दिसतंय का. भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले.

खाली जमिनीवर तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. आणि म्हशीच्या तोंडातून तिची दोन पावलं बाहेर आली होती.

नुसती पावलं. बाकी ती सगळी आत होती, त्या लोखंडी हातांच्या मध्ये. आतून उलथण्याचा खर्र खर्र आवाज येत होता. माझा अंगठा अजून दुखत होता, बटण इतकं जोरात दाबलं होतं मी. मी तिचा घोटा धरला.

ती दचकून बाहेर आली. भुवयांपर्यंत कोको माखलेला. माझा चेहरा बघून तिला कळलं. तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. मेन स्विचचा दांडा खाली ओढलेला होता आणि त्याला प्रवासाच्या बॅगेचं एक चिमुकलं कुलूप लावलेलं होतं. किल्ली तिच्या गळ्यात, दोऱ्यात.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"मास्क आल्यापासून."

"रोज?"

"रोज. आत जाताना लावते, बाहेर आले की काढते."

"पण तू उत्तर दिलंस ना आत्ता? मी ऐकलं!"

"मी नाही दिलं, ताई. मला आत हाकसुद्धा ऐकू आली नाही. पॅकिंगमधली कोणीतरी खोकी मागत असेल. तुम्हाला कुठलाही आवाज आला की तो माझाच वाटतो."

मी तिथल्याच पोत्यावर बसले. म्हैस हलत नव्हती ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढून जायला लागले. मी मारलेले धपाटे, दिलेल्या शिव्या, पुन्हा पुन्हा दाबलेलं बटण. तितक्या वेळा ही आत होती. तितक्या वेळा मी हिला मारली होती, आणि एका फुटकळ कुलुपानं ती वाचली होती.

"साहेबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमचं पॅनल गेलं असतं. तुम्हाला सांगून पाहिलं, तर तुम्ही बोलणंच टाकलंत." मग ती रडायला लागली. कोकोतून दोन ओघळ आले. "पण मला भीती वाटते हो. रोज आत जाताना वाटते. कुलूप लावायला विसरले तर, असं वाटतं."

मी तिला कुशीत घेतली. सुपरवायझर पलीकडून ओरडत होता. काय म्हणत होता ते मला कळलं नाही, आणि या खेपेला मी अंदाजही बांधला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी रजा टाकून मोठ्या इस्पितळात गेलो. आधी डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. मळ नाही, पडदा शाबूत. मग कान तपासणारी बाई, वयानं माझ्या पुतणीएवढी. तिनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन. बारीक बारीक आवाज येणार, आला की बटण दाबायचं. बटण म्हटल्यावर आधी अंगठा मागे घेतला, मग दाबलं. मग तिनं शांततेत शब्द ऐकवले, मी घडाघडा म्हणून दाखवले. म्हटलं पाहा, कान आहेत मला.

मग तिनं हेडफोन काढले, स्पीकरवर गर्दीचा कलकलाट लावला आणि त्यातून वाक्यं ऐकवली. ऐकू येईल ते पुन्हा म्हणायचं. मी म्हणत गेले. एकही सोडलं नाही. कठीण पेपर चांगला गेला की पोरं कशी छाती काढून बाहेर येतात, तशी बाहेर आले. जाऊ बाहेर बाकावर होती. तिचा चेहरा पडलेला होता. दार किलकिलं होतं, तिला सगळं ऐकू आलं होतं.

त्या मुलीनं मला समोर बसवलं. मास्क काढला, तोंड माझ्याकडे केलं आणि सावकाश बोलली. "मावशी, शांततेत तुम्हाला जवळजवळ सगळं कळतं. वरच्या पट्टीतले आवाज तेवढे कमी झालेत, तुमच्यासारखं वर्षानुवर्षं आवाजात काम करणाऱ्यांचे आधी तेच जातात. पण गर्दीच्या आवाजात तुम्ही निम्म्याहून जास्त वाक्यं चुकलात."

"मी तर सगळी म्हटली!"

"तेच सांगतेय. 'कळलं नाही' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. जे ऐकू आलं नाही ते तुमच्या डोक्यानं भरून टाकलं, आणि तुम्हाला ते ऐकल्यासारखंच वाटलं. यात तुमचा दोष नाही. डोकं असंच चालतं."

मी विचारलं, "मग माणसाला कळायचं कसं?"

"बहुतेकांना कळत नाही, म्हणून तर उशीर होतो. लोक हळू बोलतात असं वाटायला लागलं, गर्दीत समोरच्याच्या ओठांकडे नजर जायला लागली, चारचौघांतून आल्यावर डोकं दुखायला लागलं, की यायचं. घरचे म्हणाले तर भांडत बसायचं नाही, त्यांना आपल्या आधी दिसतं. एकाएकी एका कानानं ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी यायचं. आणि तुमच्यासारख्या कामावर काही तक्रार नसली तरी दर वर्षी तपासायचं. कानात घालायचं यंत्र देऊ आपण, खूप फरक पडेल. पण त्या हॉलमध्ये हाकेवर विसंबून बटण दाबू नका. यंत्र घालूनसुद्धा नको."

जाऊ खाली बघत होती. मी तिचा हात धरला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तिची काळजी होती तितकंच माझ्या स्टुलाचंही दुःख होतं.

तरी मी सांगितलं. स्वतः सुपरवायझरसमोर उभी राहून सगळं सांगितलं, कुलपाचंसुद्धा. तो पांढराफटक पडला. मला लगेच माल पाठवायच्या खोलीत टाकलं. तिथे दार लावलं की शांत असतं, खुर्चीसुद्धा आहे. पॅनलवर भट्टीवालीला आणलं. माझ्याहून कितीतरी तरुण, चटपटीत. पोरसवदा होती तेव्हापासून ब्लोअरच्या तोंडाशी उभी राहून काम करतेय. म्हटलं चला, हिचे कान तरी धड आहेत.

कुलपाचं काय, मी विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "बॅगेचं कुलूप चालत नाही यंत्राला. तपासणीत अडेल. नीट कुलूप मागवलंय, येईल. तोवर हाक आहे ना? आणि आता माणूसही बदललाय." त्यानं ते कुलूप काढून घेतलं आणि खणात टाकलं. मी भांडले. तो म्हणाला, "ताई, आता तुमचा तिकडे काय संबंध?"

आज जाऊ डबा घरीच विसरली होती म्हणून मी तो द्यायला हॉलमध्ये गेले. सकाळीच माझं यंत्र मिळालं होतं, ते कानात होतं. ब्लोअरचा आवाज नको इतका खरखरत होता. जाऊ पॅकिंगच्या पट्ट्यापाशी पाणी पीत उभी होती. खरवडून झालं होतं. मास्क हनुवटीवर ओढलेला, हातात पेला. मला बघून हसली. तिथून पॅनल बाजूनं दिसतं. भट्टीवाली स्टुलावर बसली होती, माझ्या स्टुलावर, आणि म्हशीच्या दिशेला तोंड करून तिनं हाक दिली.

"बाहेर का?"

जाऊनं पेला खाली घेतला. ओरडून सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात भट्टीवालीनं मान जराशी वाकडी केली, कान दिला, आणि तिच्या डोळ्यांत समाधान उतरलं. एवढंच नाही, ती हसली आणि भिंतीपलीकडे ओरडून म्हणाली, "बरं, बरं! आता हो बाजूला!"

आणि तिनं हिरवं बटण दाबलं.

म्हैस घरघरली. ते लोखंडी हात फिरायला लागले. जाऊ माझ्या शेजारी उभी होती. आत कोणीच नव्हतं. या खेपेला.

मी पट्ट्यावरच्या बायकांकडे वळले. त्यातली प्रत्येक जण माझ्याच इतकी वर्षं तिथे उभी आहे. मी म्हटलं, "अगं, ऐकलंत का? आत कोणी नव्हतं! हिला उत्तर कोणी दिलं? तुमच्यापैकी कोण ओरडलं?"

जवळच्या दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे हसले. एकीनं मान डोलावली, दुसरी म्हणाली, "हो, हो," आणि दोघी पुन्हा पुडे भरायला लागल्या.